घरचीच गाडी... मग भाव कुणाचा?

सेकंडहँड गाडी अनोळखी माणसाकडून घेणं एकवेळ सोपं. घासाघीस करायची, जमलं तर जमलं, नाहीतर ‘कळवते’ म्हणून सटकायचं. पण गाडी सख्ख्या काकांची असेल तर? जास्त दिले तर आपल्याच खिशाला चाट, कमी दिले तर पुढच्या प्रत्येक लग्नकार्यात नजर चुकवायची!

माझे काका गणपतीपुळ्याला राहतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना रात्रीचं ड्रायव्हिंग नकोसं झालं आणि त्यांनी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक विकायला काढली. एमएच-०८ पासिंग, सिंगल ओनर, ६२ हजार किलोमीटर. मला पुण्यात गाडी हवीच होती. किंमत विचारली तर काका म्हणाले, ‘‘तू देशील ते दे गो. घरच्या माणसाशी कसला भाव करायचा?’’

मंडळी, हे वाक्य ऐकलं की सावध व्हा! कारण काकूंनी मला हळूच सांगितलं होतं, या पैशांतून पावसाआधी घराची कौलं बदलायची आहेत. म्हणजे ‘देशील ते’ नाही, योग्य तेच द्यायला हवं होतं. पण योग्य म्हणजे किती?

आधी खालचं टोक, मग वरचं

इन्शुरन्सच्या आयडीव्हीवरून काही कळेल असं वाटलं होतं. पण त्याचं घसाऱ्याचं टेबल पाच वर्षांपुरतंच. चौथ्या ते पाचव्या वर्षात ५० टक्के घट, त्यापुढे मालक आणि कंपनीने आपसात ठरवायचं. काकांनी २०१८ मध्ये काय मोजले, हेही सोडून दिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली सरकतो. म्हणून त्या तारखेआधीचे रेट विसरा.

मग मी तेच मॉडेल, तेच साल, साधारण तेवढंच रनिंग असलेल्या आठ गाड्यांच्या जाहिराती काढल्या. सरासरी मागणी ३ लाख ९० हजार. पण मागितलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे! घासाघिशीचे २० हजार वजा केले, उरले ३ लाख ७० हजार. दुसरीकडे, एका डीलरने गाडी बघून काकांना ३ लाख देऊ केले होते. हे झालं खालचं टोक.

खारा वारा

समुद्रकाठची गाडी म्हटली की वरची चकाकी बघू नका, खाली वाका. खाऱ्या हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं, ओल धरून ठेवतं आणि गंज पसरतो. त्यात कोकणचा पाऊस आणि लाल चिखल! दाराच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, मॅटखालचा पत्रा, सायलेन्सर, जॅक लावायची जागा... सगळं मेकॅनिकला लिफ्टवर दाखवलं. खालून वरवरचा गंज निघाला, आरपार नाही. अंडरबॉडी ट्रीटमेंट ९ हजार, सस्पेन्शनचे बुश ६ हजार, चार टायर १८ हजार. एकूण ३३ हजार.

रत्नागिरी जिल्ह्यात आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन चकाचक होते, पण सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की चिखलाची रेघ दिसू शकते. स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ आणि गालिच्याचा कुबट वासही चुगली करतो. काकांच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं.

फाईलची किंमत

अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये सेकंडहँड गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. गाडीची कुंडली विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्यांनाच कमी भाव देतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. याच विषयावरच्या कामासाठी २००१ मध्ये त्यांना दोघांसोबत नोबेल मिळालं. काकांकडे मात्र प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती फाईलला लावलेली होती! ती फाईल बघूनही मी डीलरचाच भाव दिला असता, तर ती लबाडी झाली असती.

तर हिशोब असा: ३ लाख ७० हजारांतून ३३ हजार गेले, वरचं टोक ३ लाख ३७ हजार. खालचं ३ लाख. डीलरने दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव दिला होता, म्हणून तो पुन्हा कापला नाही. मधला आकडा ३ लाख १८ हजार ५००. मी ३ लाख २० हजार म्हटलं. काकांना डीलरपेक्षा २० हजार जास्त, मला बाजारापेक्षा १७ हजार कमी. काका ‘‘तीनच दे’’ म्हणत राहिले. मी कागद पुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’

आणि हो, कागद!

राज्य तेच असल्याने नंबर बदलत नाही, रोड टॅक्सही पुन्हा भरावा लागत नाही. पण फॉर्म २९ आणि ३० वर सह्या हव्यातच. विकणाऱ्याने १४ दिवसांत, घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, तेव्हा तो भावात धरू नका. नातं कितीही जवळचं असलं तरी आरसीवर नाव चढेपर्यंत गाडी काकांचीच... आणि तिचे चलानही त्यांच्याच नावावर!