साडेसहा मीटरची शाळा

खुल्या समुद्रातल्या शिडांच्या शर्यतीत नाव काढायचं, तर फ्रान्समधले अनेक तरुण खलाशी ‘मिनी’पासून सुरुवात करतात. होडी जेमतेम साडेसहा मीटरची. तीत बसून एकट्यानं अटलांटिक ओलांडायचा, हीच मिनी ट्रान्सॅट शर्यत; पहिली झाली १९७७मध्ये. पात्रतेसाठी आधी १,००० सागरी मैल (सुमारे १,८५० किलोमीटर) न थांबता, एकट्यानं जाऊन दाखवावं लागतं. पण खरी तालीम झोपेची! सुकाणू यंत्रावर सोपवून वीसेक मिनिटांची डुलकी काढायची आणि उठल्याबरोबर क्षितिजावर एखादं जहाज तर येत नाही ना, हे पाहायचं. शर्यतीत सॅटेलाइट फोन नाही, किनाऱ्यावरून कुणाचा सल्लाही नाही. ब्रिटनची एलेन मॅकआर्थर १९९७मध्ये यातूनच गेली. २००१मध्ये, वयाच्या २४व्या वर्षी, जगप्रदक्षिणेच्या वॉन्दे ग्लोब शर्यतीत ती दुसरी आली.