कोनशिला नको, क्यूबचा दाखला मागा!

वस्तीत समाजमंदिर मंजूर झाले की कोनशिलेवर कोणाचे नाव येणार यावरून आपण भांडतो. स्लॅबमध्ये काय ओतले, हे मात्र विचारत नाही.

एम-२० काँक्रीट म्हणजे काय? १५ सेंटीमीटरचा क्यूब भरायचा, २८ दिवस पाण्यात ठेवायचा आणि मशीनखाली दाबायचा. दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, म्हणजे एकूण सुमारे ४६ टन भार त्याने सोसला पाहिजे. एका नमुन्याचे तीन क्यूब लागतात. अगदी खालच्या वर्गाच्या भाजक्या विटेलाही ३.५ न्यूटनची अट आहे.

पण मशीन क्यूब तपासते, स्लॅब नव्हे! ठेकेदाराने चांगला माल वेगळा कालवून क्यूब भरले, तर कागद पास आणि छत नापास. म्हणून स्लॅबच्या दिवशी आपली माणसे तिथे उभी हवीत. स्लॅबवर पडणाऱ्या मालातूनच आपल्यासमोर क्यूब भरले जावेत, त्यांवर तारीख पडावी.

माहिती अधिकार कायदा, २००५ नुसते कागदच नव्हे, तर मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क देतो. मोर्चे आपण खूप काढले. हा एक अर्ज कधी लिहिणार? त्या छताखाली उद्या आपलीच लेकरे बसणार आहेत.