काचबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहू नका

माधवनगर परिसरातील वस्त्यांमध्ये आरोग्याविषयी बोलताना आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते : “बिंदू झालाय, पिकला की काढू.” मोतीबिंदूत उशीर झाला तरी नजर बहुधा परत मिळते. काचबिंदूत मात्र अशी वाट पाहण्यात डोळा जातो. नावे सारखी असली तरी हे दोन वेगळे आजार आहेत.

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवता येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब होते. डोळ्यात सतत एक द्रव तयार होतो आणि बारीक जाळीतून त्याचा निचरा होतो. निचरा अडला की दाब वाढतो आणि नस हळूहळू सुकते. काहींमध्ये दाब नेहमीइतका असूनही नस सुकते. गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही.

बहुतेकांना दुखत नाही, डोळा लालही होत नाही. आधी कडेचे दिसणे कमी होते, समोरचे बराच काळ नीट दिसते. म्हणून माणूस पेपर वाचतो, पण बाजूने आलेली मोटारसायकल त्याला दिसत नाही. घरचे म्हणतात, “वय झालं.”

चाळिशीनंतर धोका वाढतो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल, मधुमेह असेल, मायनस नंबर मोठा असेल किंवा डोळ्याला मार लागला असेल, तर तपासणी आधीच करावी. डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्महिने घालणेही घातक आहे.

विहारात नेत्रशिबिर भरवतो तेव्हा बहुधा तक्ता वाचून घेतात आणि चष्म्याचा नंबर देतात. तेवढ्याने काचबिंदू सापडत नाही. डोळ्याचा दाब मोजणे आणि नस तपासणे गरजेचे आहे. भीमजयंतीचे शिबिर ठरवताना कार्यकर्त्यांनी हे आयोजक डॉक्टरांना आधीच सांगावे. ज्यांच्याबद्दल शंका वाटेल त्यांना सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात पाठवावे, आणि एखाद्या तरुणाने सोबत जावे. केसपेपर काढण्याच्या रांगेतूनच परत फिरणारी वडीलधारी माणसे कमी नाहीत.

उपचारात थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रिया असते. त्याने उरलेली नजर राखता येते. थेंब बहुधा आयुष्यभर, ठरल्या वेळी घालावे लागतात. “आता बरं वाटतंय” म्हणून बंद करू नयेत. डोळा अचानक लाल होऊन प्रचंड दुखला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, उलटी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची नजर मंदावली होती. तरीही ते लिहीत राहिले. आपल्या घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे डोळे या वर्षी तपासून घेऊया.

जय भीम!