‘सिंहासन’ आधी, पुलोद नंतर

“‘सिंहासन’ म्हणजे दुसरं काही नाही हो, अठ्ठ्याहत्तरचं पुलोद! साधूंनी फक्त नावं बदलली.”

हे वाक्य घोडनदीच्या बाजारपेठेत ऐकू येतं, चौफुल्याच्या हॉटेलात ऐकू येतं आणि दौंडच्या फलाटावर गाडी लेट असली की हमखास ऐकू येतं. सांगणारा आवाज जरा खाली आणतो, आतली बातमी फोडावी तसा. मग पात्रांची वाटणी होते. मुख्यमंत्री जिवाजीराव म्हणजे वसंतदादा, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे शरद पवार. बारामती इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे प्रत्येकाचा कोणी ना कोणी मामा किंवा चुलता त्या वेळी मुंबईत ‘तिथंच हजर’ होता. 2019 चा पहाटेचा शपथविधी झाला, 2022 मध्ये सरकार पडलं, 2023 मध्ये आणखी एक पक्ष फुटला. दर वेळी ‘सिंहासन’ चित्रपटाचे तेच तुकडे फोनवर फिरले आणि खाली तोच मजकूर आला: खरी गोष्ट आहे, 1978 ची.

नाही. 1978 ची असूच शकत नाही. त्यासाठी राजकारणातलं काही कळावं लागत नाही, कॅलेंडर वाचता आलं तरी पुरतं.

वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं जुलै 1978 मध्ये. पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, मुख्यमंत्री म्हणून शरद पवारांनी शपथ घेतली 18 जुलै 1978 रोजी. अरुण साधूंची ‘सिंहासन’ ही कादंबरी 1977 ची. तिच्याआधीची ‘मुंबई दिनांक’ तर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि वसंतदादांना त्या खुर्चीवर बसायला अजून काही वर्षं होती. खोटं वाटत असेल तर गावातल्या वाचनालयात जावं, पुस्तक काढावं, मुखपृष्ठ उलटावं आणि पहिल्या आवृत्तीचं साल बघावं. एवढी तसदी कोणी घेत नाही. वाद घालायला तास मिळतो, पान उलटायला मिनिट मिळत नाही.

‘मुंबई दिनांक’ मध्येच कशाला आणली, असंही विचारलं जातं. हा पहिल्या गैरसमजाच्या पोटातला दुसरा गैरसमज. जब्बार पटेलांचा 1979 चा ‘सिंहासन’ हा चित्रपट फक्त ‘सिंहासन’ कादंबरीवर बेतलेला नाही. तो साधूंच्या या दोन्ही कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. दोन्ही एकत्र गुंफून पटकथा केली विजय तेंडुलकरांनी. नाव एकाच कादंबरीचं घेतलं, म्हणून दुसरी लोकांच्या स्मरणातून निसटली. आणि निसटली नेमकी ती, जी या सगळ्या गप्पांचा पाया उखडते.

तारखा बाजूला ठेवू. गोष्ट तरी जुळते का? 1978 मध्ये सरकार होतं दोन काँग्रेसचं मिळून. एकीचे मुख्यमंत्री वसंतदादा, दुसरीचे उपमुख्यमंत्री नाशिकराव तिरपुडे. ते सरकार पडलं, मुख्यमंत्र्यांची खुर्ची गेली आणि पवार जनता पक्षाला बरोबर घेऊन नव्या आघाडीचे मुख्यमंत्री झाले. चित्रपटात यातलं काय आहे? तिथे आघाडी नाही. एकच पक्ष सत्तेवर आहे आणि सगळी झुंज त्या पक्षाच्या घरातली आहे. विरोधकांना मोजायला कोणी तयार नाही. नाराज आमदारांची जुळवाजुळव होते, कामगार पुढारी वापरला जातो आणि तो स्वतःही इतरांना वापरतो, मंत्रिमंडळ विस्ताराचं गाजर हलतं. आणि शेवटी? जिवाजीराव खुर्चीवर टिकतात! ज्या बंडाची गोष्ट म्हणून हा चित्रपट सांगितला जातो, ते बंड त्यात यशस्वीच होत नाही. शेवटच्या दृश्यांपर्यंत चित्रपट पाहिलेल्या माणसाने असं विधान करावं, याचं मला नवल वाटतं. बहुधा पाहिलेला नसतो, तुकडेच पाहिलेले असतात.

एकपक्षीय सत्ता आणि तिच्या आतल्या टोळ्या हे वातावरण नाईकांच्या काळाचं आहे. वसंतराव नाईक 1963 पासून 1975 पर्यंत सलग मुख्यमंत्री होते. साधू मुंबईत पत्रकार होते. मंत्रालय, विधानभवन, कामगार संघटना आणि झोपडपट्ट्या यांत त्यांचा रोजचा वावर. त्यांनी जे टिपलं ती एक रीत होती. खुर्चीभोवती माणसं कशी फिरतात, कोण कोणाला कधी विकतं, वार्ताहराला कुठवर आत घेतात आणि कुठे दार लावतात. म्हणूनच ती गोष्ट 1978 लाही बसते, 2022 लाही बसते. प्रत्येक पिढीला आपल्याच काळाची वाटते. दाभाड्यांच्या जागी नाव भरायचंच असेल तर गेल्या पन्नास वर्षांतली डझनभर नावं भरता येतील, आणि ज्याने त्याने आपापल्या रागानुसार ती भरलीही आहेत.

आता समोरच्याची बाजूही न्यायाने मांडायला हवी. चित्रपट तयार झाला तेव्हा पवारच मुख्यमंत्री होते. मंत्रालयात चित्रीकरणाला त्यांच्या काळात परवानगी मिळाली, हे जब्बार पटेलांनी स्वतः सांगितलेलं आहे. 1979 मध्ये थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाच्या डोक्यात वर्षभरापूर्वीची फोडाफोडी ताजी असणार यातही शंका नाही. पडद्यावर कोणी कुजबुजलं की त्याला खरे चेहरे दिसले असतील. पण प्रेक्षकाला काय आठवलं ही एक गोष्ट, लेखकाने काय पाहून लिहिलं ही वेगळी. गंमत अशी की त्या परवानगीवरून दोन उलटे निष्कर्ष काढणारे लोक मी एकाच बाकावर बसलेले पाहिले आहेत. एक म्हणतो, आपल्यावरच सिनेमा आहे म्हणून साहेबांनी खुशीत परवानगी दिली. दुसरा म्हणतो, आपल्यावर आहे हे कळलं नाही म्हणून दिली. कादंबऱ्या आधीच छापून झाल्या होत्या हे दोघांच्याही गावी नाही.

दौंड रेल्वेचं गाव, त्यामुळे इथे या चर्चेला एक खास फाटा फुटतो: कामगार पुढारी डिकास्टा कोण? सतीश दुभाषींनी उभा केलेला हा माणूस विसरता येत नाही. जुने रेल्वेवाले ठामपणे जॉर्ज फर्नांडिस यांचं नाव घेतात, कारण मे 1974 चा देशव्यापी रेल्वे संप त्यांच्या आठवणीत पक्का आहे. मुंबईच्या संघटनांवरची जॉर्ज यांची पकड त्याच्याही आधीची होती, तेव्हा काही साम्य दिसतं हे मान्य करायला हरकत नाही. पण पुढच्या पिढीतले लोक डिकास्टाला दत्ता सामंत करून टाकतात आणि पुरावा म्हणून गिरणी संप देतात. गिरणी संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 रोजी. चित्रपट 1979 चा. तीन वर्षांनंतरच्या संपावर आधीच चित्रपट काढणारा दिग्दर्शक मिळाला, तर त्याला सिनेमात कशाला अडकवायचं, थेट नियोजन मंडळावर घ्यावं.

हा घोटाळा होतो कशामुळे, याचं उत्तर शिरूर तालुक्यातच सापडतं. भीमेकाठी वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. 2025 मध्ये ‘छावा’ चित्रपट आल्यावर तिथे येणाऱ्या अनेकांच्या बोलण्यात चित्रपटातले प्रसंग बखरीच्या थाटात यायला लागले. तो चित्रपट शिवाजी सावंतांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारित आहे आणि कादंबरी ही कादंबरी असते. संवाद लेखकाचे, प्रसंगांची मांडणी लेखकाची. ऐतिहासिक कादंबरीला आपण दस्तऐवज मानतो आणि राजकीय कादंबरीला कुचाळकी. दोन्हीकडे लेखकाने काही रचलं असेल, ही शक्यताच आपल्याला पटत नाही. साधूंसारख्या माणसाने वर्षानुवर्षं पाहून, चाळून, जोडून एक जग उभं केलं, याचं श्रेय त्यांना द्यायचं तर ‘नावं फक्त बदलली’ हे वाक्य गिळावं लागेल. माझा राग आहे तो इथे.

‘सिंहासन’चं एवढं झालं, तर ‘सामना’ला कोण सोडतं? रामदास फुटाणे यांची निर्मिती, जब्बार पटेलांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, लेखन पुन्हा तेंडुलकरांचं. ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना तो आपल्याच शिवारातला वाटतो आणि साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटलाचं मूळ शोधण्याचा खेळ पाटसपासून न्हावऱ्यापर्यंत चालतो. त्यात मी पडत नाही, प्रत्येक कारखान्याच्या गेटवर उत्तर वेगळं मिळतं. पण “सामनाला बर्लिनचं बक्षीस मिळालं” हे मात्र चूक. 1975 च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धा विभागात निवडला गेला होता. एका मराठी चित्रपटासाठी तेवढंच मोठं आहे, वर खोटा मुलामा चढवायची गरज नाही. त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं ते हंगेरीच्या मार्ता मेसारोश यांना, ‘अ‍ॅडॉप्शन’ या चित्रपटासाठी.

चित्रपटाचं नाव ‘सामना’ वर्तमानपत्रावरून घेतलं, असंही एका कॉलेजच्या मुलाने मला सांगितलं. ते वर्तमानपत्र 1988 ला निघालं.

पटेलांच्या इतर कामाबद्दलचे किरकोळ गैरसमज एका दमात. ‘जैत रे जैत’ची गाणी ठाकरांची पारंपरिक गाणी नाहीत, ती ना. धों. महानोरांनी लिहिली आहेत, आणि महानोर कोकणातले नसून अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्याचे. गोष्ट गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीची. ‘उंबरठा’ तेंडुलकरांच्या डोक्यातून थेट उगवला नाही, त्यामागे शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी आहे, जिचं नाव चित्रपटावर जीव टाकणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. ‘घाशीराम कोतवाल’ नाटक जब्बार पटेलांनी बसवलं, पण त्यावरचा 1976 चा चित्रपट त्यांचा नाही. तो युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हमधल्या मणी कौल, के. हरिहरन वगैरे मंडळींनी मिळून केला. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा मूळ हिंदी नव्हे, इंग्रजी चित्रपट. 1998 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट इंग्रजी चित्रपट ठरला आणि मामुट्टींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

राहता राहिला दौंडकरांचा खास मुद्दा. जुन्या माणसांना जब्बार पटेल म्हणजे दवाखान्यातले डॉक्टर म्हणून माहीत आहेत. ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. मणी पटेल यांनी इथे दवाखाना चालवला, आणि तालमींसाठी पुण्याचं पंचाहत्तर-एक किलोमीटरचं अंतर कापलं. काही लोक मात्र त्यांना जन्माने दौंडकर करून टाकतात. जन्म पंढरपूरचा, शिक्षण सोलापूर आणि पुण्याचं. याउलट नव्या पोरांना वाटतं, नावामागचं ‘डॉ.’ हे एखाद्या विद्यापीठाने शाल-श्रीफळाबरोबर दिलेलं असणार. तसं नाही. पटेल बालरोगतज्ज्ञ. ‘सामना’तले मास्तर श्रीराम लागू नाक-कान-घशाचे डॉक्टर. मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकलेले. त्या चित्रपटाच्या मुख्य मंडळींत डॉक्टर नसलेले ठळक नाव निळू फुल्यांचं. पण वैद्यकीय महाविद्यालय त्यांनाही नवं नव्हतं, तरुणपणी पुण्यातल्या लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते माळी होते.