बंदूक आणि तिचें कुलूप

घरांत शस्त्र ठेवावयाचें तर तें कोठें व कसें ठेवावें, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांना पडला असेल. आपल्याकडे बंदुकीस परवाना लागतो, आणि आपल्यासारख्यांच्या घरांत खंडेनवमीला पुजावयाचें शस्त्र म्हणजे बहुधा विळी नि कात्री! परंतु आज कित्येक मराठी कुटुंबांचीं मुलें व नातवंडें अमेरिकेंत राहतात, तेथील शाळांत जातात, शेजाऱ्यांच्या घरीं खेळावयास जातात. आणि २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणें त्या देशांत नागरिकांच्या हातीं ३९ कोटींहून अधिक बंदुका, म्हणजे माणसांहून बंदुका जास्त, अशी स्थिति होती. तेव्हां तेथील बंदूक बाळगणारे गृहस्थ तिच्या बंदोबस्ताविषयीं काय म्हणतात, हें समजून घेणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम हीं कुलपें कसलीं तें पाहूं. सर्वांत साधें कुलूप पोलादी दोराचें. गोळी जेथें बसते त्या पोकळींतून हा दोर ओवून कुलूप लावलें कीं बंदूक भरतां येत नाहीं. दुसरें चापावर बसवावयाचें. तिसरा प्रकार उशापाशीं ठेवावयाच्या लहान लोखंडी पेटीचा. ती ठराविक आंकडे दाबून किंवा बोटाच्या ठशानें उघडते. त्यापुढें मोठी तिजोरी. २००५ च्या मध्यवर्ती कायद्याप्रमाणें दुकानदारानें पिस्तुलाबरोबर असें एखादें साधन दिलेंच पाहिजे. मात्र घरीं नेल्यावर तें लावलेंच पाहिजे असें तो कायदा म्हणत नाहीं. मॅसॅच्युसेट्ससारखीं कांहीं राज्यें तेवढें म्हणतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे धन्याला ओळखणारी बंदूक. तिला तिकडे ‘स्मार्ट गन’ म्हणतात. मूळ कल्पना जुनी आहे. स्मिथ अँड वेसन या कारखान्यानें १८८७ च्या सुमारास मुठीच्या पाठीला एक दांडी बसविलेलें रिव्हॉल्व्हर काढलें होतें. चाप ओढतांना ती दांडीहि घट्ट आवळावी लागे, आणि लहान हाताला तें साधूं नये हा त्यांतील हेतु होता. पुढें हिसकावून घेतलेल्या पिस्तुलानें पोलिसांचाच बळी जाऊं नये म्हणून सँडिया या सरकारी प्रयोगशाळेनें या विषयाचा अभ्यास करून १९९६ सालीं अहवाल दिला. २०१४ च्या सुमारास आर्माटिक्स या जर्मन कंपनीचें पिस्तूल अमेरिकेंत आलें. धन्याच्या मनगटावरील विशिष्ट घड्याळ जवळ असेल तरच तें उडे. २०२३ सालीं कोलोरॅडोंतील बायोफायर कंपनीनें बोटाचा ठसा व चेहरा ओळखणारें पिस्तूल जाहीर केलें. त्याची किंमत १,४९९ डॉलर ठेविली होती.

इतकी सोय झाल्यावर बंदूकवाल्यांनीं या यंत्राचें स्वागत करावयास हवें होतें, असें आपल्याला वाटेल. पुष्कळांनीं तसें केलें नाहीं; आणि त्यांचीं कारणें हंसण्यावारी नेण्यासारखीं नाहींत.

पहिलें कारण विश्वासाचें. प्यू या संस्थेच्या २०१७ च्या पाहणींत शंभरांतील ६७ बंदूकवाल्यांनीं आत्मसंरक्षण हें बंदूक बाळगण्याचें एक प्रमुख कारण सांगितलें. असा मनुष्य नेहमीं एकच प्रसंग डोळ्यांपुढें आणतो: मध्यरात्र आहे, दार फुटत आहे, हात ओला आहे किंवा थरथरत आहे. अशा वेळीं हें यंत्र मला ओळखील काय? बॅटरी संपली असेल तर? महाभारत वाचलेल्याला ही भीति परकी वाटूं नये. परशुरामांनीं कर्णाला दिलेला शाप हाच. ऐन प्रसंगीं अस्त्राचा मंत्र आठवावयाचा नाहीं. रथाचें चाक रुतलेलें, समोर अर्जुन, आणि मंत्र ओठांवर येईना! अमेरिकन बंदूकवाल्याला बॅटरींत नेमका हाच शाप दिसतो. त्यांत भर अशी कीं, २०१७ सालीं एका तज्ज्ञानें सुमारें १५ डॉलरच्या लोहचुंबकांनीं तें जर्मन पिस्तूल घड्याळावांचून उडवून दाखविलें.

दुसरें कारण सक्तीचें. न्यू जर्सी राज्यानें २००२ सालीं असा कायदा केला कीं, धन्याला ओळखणारें पिस्तूल देशांत कोठेंहि विक्रीस आलें कीं सुमारें तीन वर्षांनीं त्या राज्यांतील दुकानांत त्याच जातीचीं पिस्तुलें विकलीं जावीं. पोलिसांना मात्र यांतून सूट होती. यावर बंदूकवाल्यांचा प्रश्न सरळ होता: वस्तु इतकी भरंवशाची आहे, तर ती आधीं पोलिसांच्या हातीं कां देत नाहीं? परिणाम विपरीत झाला. २०१४ सालीं मेरिलँडमधील एका दुकानदारानें तें जर्मन पिस्तूल विकण्याचें मनांत आणतांच त्याला जिवाच्या धमक्या आल्या व त्यानें बेत सोडला. ज्या वस्तूचा प्रसार व्हावा म्हणून कायदा केला, तिचीच वाट त्या कायद्यानें अडविली! अखेर २०१९ सालीं न्यू जर्सीनें तो बदलला, आणि मान्यता मिळालेला निदान एक नमुना दुकानांत ठेवावा, एवढ्यावरच समाधान मानलें.

कारखान्यांनींहि धडा घेतला होता. स्मिथ अँड वेसननें २००० सालीं सरकारशीं करार करून कुलपें व असें नवें तंत्र यांची हमी दिली. गिऱ्हाइकांनीं बहिष्कार घातला. मालकांनीं १९८७ सालीं ११ कोटी २० लाख डॉलरला घेतलेली ती कंपनी २००१ सालीं १ कोटी ५० लाखांस विकली. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें राजधानी वॉशिंग्टनचा जो कायदा रद्द केला, त्यांत पिस्तुलबंदीबरोबर घरांतील बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवण्याची अटहि होती. अशा अटीनें आत्मसंरक्षणच अशक्य होतें, असें न्यायालय म्हणालें. मात्र अपघात टाळण्यासाठीं साठवणुकीचे नियम करूं नयेत असा याचा अर्थ नव्हे, हेंहि त्यानें स्पष्ट केलें.

तिसरें मत घरच्या शिस्तीवर भिस्त ठेवणाऱ्यांचें: “आमचीं मुलें शिकविलेलीं आहेत, तीं हात लावणार नाहींत.” आयुष्य मुलांत घालविलेल्या आम्हांला हें ऐकून हंसावें कीं भ्यावें तें कळत नाहीं. जें कपाट उघडूं नका म्हणून सांगितलें, तेंच मधल्या सुटींत उघडलेलें कोणत्या शिक्षकानें पाहिलें नाहीं? २०१६ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं १,४४४ बंदूकवाल्यांना विचारलें. आपल्या सर्व बंदुका सुरक्षित ठेवणारे शंभरांत ४६ च निघाले. घरांत मुलें असलेले लोक या बाबतींत अधिक जागरूक होते, एवढें समाधान. तरी २०२१ च्या एका पाहणीवरून असा अंदाज निघाला कीं, सुमारें ४६ लाख मुलें अशा घरांत राहत होतीं कीं जेथें निदान एक बंदूक भरलेली व कुलुपावांचून होती.

या सर्व मतांचा आम्हीं विचार केला तेव्हां आम्हांस असें दिसलें कीं, वाद वरवर यंत्राचा असला तरी मुळांत तो धोका कोठून येतो याचा आहे. बंदूकवाल्याची दृष्टि दाराकडे असते. संकट बाहेरून येणार, हें तो गृहीत धरतो. आंकडे मात्र घराच्या आंत बोट दाखवितात. २०२१ सालीं अमेरिकेंत बंदुकीनें ४८,८३० माणसें मेलीं. त्यांपैकीं २६,३२८ आत्महत्या होत्या. आणि येथें शहाण्यांतली शहाणी बंदूकहि हतबल आहे. ती धन्याला ओळखते, धन्याच्या मनाची अवस्था ओळखीत नाहीं. निराशेनें ग्रासलेल्या मालकाच्या बोटालाहि ती तितक्याच तत्परतेनें वश होते.

साधें कुलूप येथें उपयोगी पडतें, विशेषतः किल्ली दुसऱ्याजवळ असली तर. कारण असा झटका बहुधा टिकत नाहीं. तो ओसरेपर्यंतचा वेळ कुलूप मिळवून देतें. बंदूक कुलुपांत, ती रिकामी, गोळ्याहि कुलुपांत आणि त्या निराळ्या जागीं, या चारहि गोष्टी मुलांच्या व किशोरांच्या आत्महत्या आणि अपघात कमी असण्याशीं निगडित आढळल्या, असा २००५ सालच्या एका वैद्यकीय अभ्यासाचा निष्कर्ष आहे. आनंदाची गोष्ट ही कीं, बंदुकीच्या व्यवसायांतील माणसांनींच यांत पुढाकार घेतला आहे. न्यू हॅम्पशायर राज्यांत २००९ सालीं एका आठवड्याच्या आंत तीन गिऱ्हाइकांनीं एकाच दुकानांतून बंदुका घेऊन आत्महत्या केल्या. तेव्हां दुकानदार व आरोग्यसेवक एकत्र आले आणि खचलेलें गिऱ्हाईक कसें ओळखावें याचीं पत्रकें दुकानांत लागलीं. कोलोरॅडोंत, अडचणीच्या काळांत बंदूक तात्पुरती सांभाळणाऱ्या दुकानांचा व पोलीस कचेऱ्यांचा नकाशाच २०१९ सालीं तयार झाला. यांत सक्ति नव्हती. म्हणूनच तें बंदूकवाल्यांना मानवलें.

अज्ञातवासाला निघतांना पांडवांनीं आपलीं शस्त्रें शमीच्या झाडावर ठेविलीं, आणि कोणी जवळ जाऊं नये म्हणून तेथें एक प्रेत टांगलें. शस्त्रें टाकून दिलीं नाहींत. पण वर्षभर तीं कोणाच्या हातींहि पडूं दिलीं नाहींत. बाळगणें आणि बंदोबस्तानें ठेवणें यांत विरोध नाहीं, हें त्या वीरांस ठाऊक होतें.

ज्यांचीं मुलें तिकडे आहेत त्यांना आमची एक विनंति. नातवंडाला नव्या घरीं खेळावयास पाठविण्यापूर्वीं त्याच्या आईबापांनीं, कुत्रें आहे काय, पोहण्याचा हौद आहे काय, हें विचारतांना त्याच सुरांत आणखी विचारावें: “आपल्याकडे बंदूक आहे काय, आणि ती कुलुपांत असते काय?” तिकडील बालरोगतज्ज्ञांची संस्थाहि हाच सल्ला देते. समंजस बंदूकवाला या प्रश्नानें रागावणार नाहीं. आणि रागावलाच, तर त्या दिवशीं मुलांनीं आपल्याच अंगणांत खेळावें.