खेळातली चाल आणि चालीतला भाव

कासू स्टेशनावर रोह्याच्या गाडीची वाट पाहताना शेजारी एखादा मुलगा मोबाईलवर खेळत बसलेला असतो. चित्र आपल्याला दिसत नाही, आवाज मात्र ऐकू येतो. घटकाभराने आपण वैतागून म्हणतो, "अरे, बंद कर ती पिरपिर!" आज त्या पिरपिरीबद्दलच चार शब्द बोलायचे आहेत. नीट कान दिला, तर ती विचार करून बांधलेली चाल असते.

सिनेमाचं गाणं काही मिनिटांत संपतं. खेळाच्या संगीताचं तसं नाही. खेळणारा एका जागी किती वेळ अडकेल, हे संगीतकाराला ठाऊक नसतं. आपल्या वरातीतल्या वाजंत्र्यांची गत आठवा. वरात कोपऱ्यावर थांबली की तीच चाल पुन्हा घ्यायची, पुढे सरकली की ठेका बदलायचा. म्हणून खेळाच्या चालीचा शेवटचा सूर पहिल्याला बेमालूम मिळावा लागतो, आणि शंभरदा ऐकूनही तिचा वीट येता कामा नये.

आता उदाहरणे घेऊ. १९७८ साली जपानात 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ निघाला. वरून शत्रूच्या रांगा उतरतात, आपण खालून त्यांना टिपायचे. संगीत म्हणजे अवघे चार उतरते सूर, पुन्हा पुन्हा तेच. पण शत्रू कमी होत गेले की उरलेले वेगाने चालतात आणि सूरही भराभर पडू लागतात. सूर तेच, लय तेवढी चढली. खेळणाऱ्याची छाती मात्र धडधडू लागते. बाल्या नाचात ढोलकी चढली की बघणाऱ्यांचेही पाय हलतात, तसाच हा प्रकार.

१९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. त्याचे संगीत कोजी कोंडो यांचे. त्या खेळात चालीसाठी दोन आवाज, खर्जासाठी एक आणि ठेक्यासाठी एक खरखर, एवढेच भांडवल. पण भाव किती वेगळे! उघड्यावर चाल उड्या मारीत जाते. भुयारात सूर खाली उतरतात आणि मधे मधे थबकतात. त्या शांततेचीच भीती वाटते. पाण्याखाली तीन-तीन मात्रांची झुलती चाल लागते, आपल्या दादऱ्याची आठवण करून देणारी. आणि वेळ संपत आली की चालू असलेलीच चाल धावत सुटते.

१९८९ साली हातात मावणाऱ्या यंत्रावर 'टेट्रिस' आला. त्यातली गाजलेली चाल कोणी नवी रचलेली नव्हती. फेरीवाल्याचे एक जुने रशियन लोकगीत होते ते. खेड्यातली चाल अशी जगभरच्या पोरांच्या कानी गेली.

इथे आपण थोडा विचार करावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती कथा. मुलूख आपल्याच पुराणांतला. त्याचे संगीत मात्र लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने दिले. त्यात उणे काही नाही. कला परमुलखाची पाहुणी होतेच. पण उद्या कोणी पेण-रोह्याकडच्या खाडीवर खेळ काढला, तर लग्नातला धवला आणि शिमग्याचा ढोल त्यात कोण घालणार? ज्याने ते कानांनी ऐकले आहेत, तोच.

म्हणून गुरुजनांना एक सुचवणे आहे. वर्गात एखाद्या खेळाचे दोन तुकडे ऐकवा. चित्र मात्र दाखवू नका. ही जागा उजेडाची की अंधाराची, इथे धोका आहे की विसावा, हे मुलांना ओळखू द्या. लयीवर टाळ्या वाजवायला सांगा. मग विचारा : भातलावणीला कोणती चाल द्याल? पालखी दारात आली तर? भरतीचे पाणी बांधाला लागले तर? उत्तर शोधायला मुलांना घरच्या आजीकडे जावे लागेल.

खेळाला वेळेची मर्यादा हवी, हे खरेच. पण "बंद कर" म्हणण्याआधी एकदा "काय वाजतंय रे?" असं विचारून पाहा. पोर आनंदाने सांगेल, आणि त्याचा कान कशावर जुळला आहे, हे आपल्यालाही कळेल.