शंखाचा जमाखर्च

पूजेची तांब्यापितळेची उपकरणी चिंचेने लखलखीत घासणारा हात अनवधानाने शेजारच्या शंखाकडे वळला, तर त्याची तकाकी उतरू लागते. कारण शंख म्हणजे सागरी गोगलगायीने रचलेले चुन्याचे, शास्त्राच्या भाषेत कॅल्शियम कार्बोनेटचे, घर असून आम्लाशी त्याचे हाडवैर आहे. मात्र समुद्राचे आम्लीकरण होत आहे हे वाचून त्याचे पाणी चिंचेच्या कोळासारखे आंबट झाले, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. ते आजही अल्कधर्मीच आहे. धुराड्यांतून निघालेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेता घेता त्याचा सरासरी सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला, एवढेच. परंतु हे माप लघुगणकाचे असल्यामुळे एवढ्याशा घटीतही हायड्रोजन आयनांची सुमारे चतुर्थांशाने वाढ सामावलेली असते, आणि हे आयन पाण्यातील कार्बोनेटला गाठून त्याचे बायकार्बोनेट करतात, तेव्हा कार्बोनेटची शिल्लक घटत जाऊन पुढे एका मर्यादेनंतर घट्ट चुना पाण्यात विरघळू लागतो.

ही मर्यादा ओलांडलेला समुद्र पाहावयाचा, तर नेपल्सजवळच्या इस्किया बेटावरील जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी जावे, जेथे ज्वालामुखीच्या पोटातील जवळजवळ निव्वळ कार्बन डायऑक्साइड, गंधकाची वा उष्णतेची भेसळ न होता, बुडबुड्यांच्या रूपाने वर येत असतो. जेसन हॉल-स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, सामू ७.४ पर्यंत उतरलेल्या पाण्यात जिवंत गोगलगायींचेच शंख विरघळताना आढळले.

तथापि शंख ही निर्जीव भिंत नव्हे. ते चालू खाते आहे. बाहेरून झीज होत असताना प्राणी आपल्या प्रावारातून, म्हणजे मऊ देहावरील पडद्यातून, आतल्या बाजूस नवा थर भरीत असतो, आणि म्हणूनच शंखाचे टोक, जो त्याचा बालपणीचा, सर्वांत जुना भाग, तेथे ही तूट आधी नजरेस येते. इस्कियाच्याच पाण्यात नेऊन ठेवलेल्या, खडकाला टोपीसारख्या चिकटणाऱ्या पटेला गोगलगायींनी चुना नेहमीपेक्षा अधिक वेगाने रचला, ही गोष्ट मला तरी झिजलेल्या शंखांहून अधिक विस्मयकारक वाटते. पण ही तगाई देहाच्या शक्तीतूनच उचललेली. उन्हाळ्यात पाणी फार तापले की तिची वसुली सुरू होते, आणि प्राणी मरू लागतात.

सिसिलीजवळच्या व्हुल्कानो बेटाच्या वायुझऱ्यांपाशी दोन जातींच्या गोगलगायींनी निराळीच तजवीज केलेली दिसते. त्यांनी घरच आखूड केले आहे: तेथील प्रौढ प्राणी इतरत्रच्या आपल्या भाऊबंदांहून एक तृतीयांशापर्यंत लहान असतात.